वायव्येचं ऊन

नकाशात ऊन नेहमी वायव्येकडून येतं.
हा नियम मी केलेला नाही.
शिकवणाऱ्यांनी सांगितलं, मी मान डोलावली:
डोंगराच्या डाव्या खांद्यावर उजेड, उजव्या कुशीत सावली.
उलटं केलंस तर दऱ्या फुगून वर येतील
आणि शिखरं खड्ड्यात जातील.
एकदा करून पाहिलं. खरंच गेली.

तेव्हापासून अकरा वर्षं
काचेच्या पाटीवर, प्लास्टिकच्या लेखणीनं
मी अशा एका सूर्याची चाकरी करते
ज्याला त्या बाजूला कुणी पाहिलेलं नाही.

स्कार्वोयाचं काम आलं तेव्हाही तेच.
नॉर्वेच्या पार वरच्या अंगाला एक बेट,
एकशे बारा माणसं, एक शाळा, एक चर्च,
कॉड वाळत घालायचे लाकडी मांडव.
कचेरीला हवे होते चार ऋतू, एकावर एक थर,
प्रत्येक थरापुढे एक बारीक डोळा:
बोट ठेवलं की हिवाळा मिटतो,
दुसऱ्यावर ठेवलं की बर्च पिवळे होतात.

मार्चच्या थरात मी मासे टांगले,
शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीनं, हातानं,
दोनशे चाळिसाव्या माशापर्यंत.
पुढचे शिक्क्यानं उमटवले. कुणाला कळलं नाही.
ऑगस्टात दलदलीवर क्लाउडबेरीचे केशरी ठिपके.
त्या नेमक्या कुठे पिकतात ते मात्र
एकाही घरानं सांगितलं नाही.
मी अंदाजानं टाकले.
सगळं बेट खूश झालं. म्हणजे सगळे चुकले असणार.

डिसेंबरात बर्फ, आणि बर्फावर निळ्या सावल्या,
कडा मऊ केलेल्या, माझ्या आवडत्या.
ओडलाउग नेस्बाक, वय एक्याऐंशी,
माझ्या खांद्यावरून वाकली.
"ह्या कुणाच्या?"
"घरांच्या. तुमच्याही घराची आहे, ही बघा."
"डिसेंबरात? पाच आठवडे सूर्य नसतो इथे.
सावल्या काय उसन्या आणतो आम्ही?"

पुसल्या.
बेट ताटासारखं सपाट झालं.
रात्रभर बसून मग खिडक्याखिडक्यांतून
पिवळा उजेड बर्फावर सांडला,
तेव्हा कुंपणांना सावल्या फुटल्या,
प्रत्येक आपापल्या घरापासून दूर पळणारी,
एका दिशेची अशी एकही नाही.
डोंगर मात्र काळोखातच राहिले. राहू दे, ती म्हणाली,
ते कुठे जात नाहीत.

जाता जाता तिनं जुलैचा डोळा उघडला.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"हे बरोबर आहे."
"काय?"
"ऊन. रात्रीचे दहा. गवत उलथवायचो आम्ही
तेव्हा ते इथूनच यायचं,"
आणि तिचं बोट पाटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात,
जिथे माझा खोटा सूर्य अकरा वर्षं लपून बसला होता.
"फक्त सावली आखूड पडलीये तुझी."

ती गेल्यावर मी त्याला खाली ओढला,
पंचेचाळीस अंशांवरून आठ अंशांवर.
चर्चच्या कळसाची सावली शाळेत शिरली,
मांडवांच्या रिकाम्या काठ्या समुद्रापर्यंत गेल्या,
ओडलाउगच्या धुराड्यानं धक्का गाठला.
कचेरीचं दोन ओळींचं उत्तर आलं:
गडद आहे. होडीचा धक्का दिसत नाही.

बरोबरच होतं त्यांचं. माणसं होडी शोधायला नकाशा उघडतात.
सूर्य पुन्हा होता तिथे नेऊन ठेवला.
पाचवा थर फाईलमध्ये आहे अजून,
नाव "दहा वाजता", डोळा मिटलेला.

शेवटच्या रात्री सामान भरून बाहेर आले.
उजेड पाठीमागून येत होता,
आणि माझी सावली रस्ता ओलांडून, फाटक ओलांडून
ओडलाउगच्या बटाट्यांच्या वाफ्यात जाऊन पडली.
खिडकीत ती उभी होती. मी हात वर केला,
वाफ्यातला हात केवढा तरी लांब झाला.
तिनं जाड काळा पडदा ओढून घेतला.
झोपायची वेळ झाली होती.