शून्य नग

खुर्च्या, चारशे नग. रंग करडा.
सगळ्यात कमी दर महासागरापलीकडचा,
हमी दोन वर्षं,
आणि माहितीपत्रकावर एक हिरवं पान
जे कुठल्याच झाडाचं नाही.

वाल्दिव्हियाच्या विद्यापीठात मी बिलं चढवते,
समोरच्या टेबलावर नोल्फा वेन्चुमान, खरेदी.
त्या दिवशी ती समासात पेन्सिलीनं लिहीत होती:
जहाजाचं तेल. थर्माकोल. तिसरं वर्ष.
तक्त्यात यांना रकाने नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही रोज नदीवर जातो,
मासळीबाजारामागे समुद्रसिंह
फेकलेल्या डोक्यांवरून भांडतात ते बघत.
त्या दिवशी ती म्हणाली, तळघरात चल, टॉर्च घे.

किल्ली सुतार एलेउतेरियोकडे.
निवृत्तीला चौदा महिने, बोलणं त्याहून कमी.
खुर्च्या तिथे एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या,
कुणाचा पाय डुगडुगता, कुणाची पाठ निखळलेली.
बोटानं पुसलं की राउलीचं लाकूड,
अजून तांबूस.

किती आहेत?
मोजायला सांगितलं कुणी?

मोजल्या. तीनशे अडतीस.
एकीच्या हातपाटीवर खिळ्यानं कोरलेलं सूत्र,
कॉपीसाठी. तेही चुकीचं.
एलेउतेरियो त्यावरून अंगठा फिरवत राहिला,
मग म्हणाला: सरस, स्क्रू, हाताखाली दोन पोरं.
आणि घाई करायची नाही.

वर येऊन नोल्फानं संगणकावर
'नग'च्या चौकटीत शून्य टाकलं.
लाल अक्षरं: शून्य स्वीकारलं जात नाही.

चारशे घ्यायला एक सही लागते.
न घ्यायला तीन,
आणि दोन पानी खुलासा.
बारिएन्तोस साहेब कळकळीनं म्हणाले,
पैसे उरले तर पुढच्या वर्षी कापतात, पोरी,
तुला कळत कसं नाही?
तिला कळत होतं. ती खुलासा लिहीत होती.

दोन सह्या झाल्यात.
बासष्ट खुर्च्या कमी पडतात, त्यांचं काय,
हे खुलाशात नाही. तिलाही माहीत नाही.
पांगीपुयीच्या सुतारांचा दर आलाय,
तो वाचून ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

काल एलेउतेरियो वर आला, पहिल्यांदाच.
तिची स्वतःची खुर्ची हलवून बघितली.
एका पायाखाली माहितीपत्रकाची घडी,
हिरवं पान बाहेर डोकावणारं.
म्हणाला, ही आधी घेतो.
नको, ती म्हणाली, रांगेत लावा.

त्यानं खिशातून खडू काढला,
पाठीमागे लिहिलं:
३३९.