पातं

सुरीलाही पातं असतं आणि डोळ्यालाही,
हे शेफील्डला येईपर्यंत कधी ध्यानात आलं नव्हतं.

विनिफ्रेड क्रॉसलँड, वय अठ्ठ्याहत्तर.
सोळाव्या वर्षापासून कारखान्यात चमचे घासायची,
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून.
"काच कुणी पुसलीच नाही, लव," म्हणाली पहिल्या दिवशी.
मी आत पाहिलं. धुकं, धुक्यात पेशी.
सूज, असं लिहिलं. तासातासाला थेंब, मग गोळ्या.
निवळलं.
गढुळलं.
पुन्हा निवळलं, आणि दर वेळी तिचं
थँक यू, लव.

पण सुजेचा डोळा बहुधा ठणकतो, लाल होतो.
हिचा पांढराशुभ्र, मुका.
मे महिन्यातच खटकायला हवं होतं मला.

लहानपणी संगमनेरला दारात फौजदार आला,
काठी आपटत, नावानिशी धमकावत.
मी दाराआड. आई मात्र त्याचे पाय बघत होती.
"वहाणा रे तुझ्या," म्हणाली, आणि हसत पसाभर ज्वारी घातली
बहुरूप्याच्या झोळीत.

दाह म्हणजे शरीराचे शिपाईच, धावून आलेले.
आणि हा त्यांच्याच गोतातला, त्यांच्याच गणवेशात.
स्टेरॉइड दिलं की दोघंही पांगतात.
गुण आला म्हणून मी खूश होते आठ महिने.

थेंब बंद केले.
मला दिसावं म्हणून तीन आठवडे
तिला आणखी कमी दिसू दिलं.

मग सुई. "किती काढणार?"
पाव चमचा, मी म्हटलं.
"कुठला? चहाचा की मोहरीचा?"
मोहरीचा.
"मग ठीक."

पेशी वाटेत मरतात, म्हणून नळी घेऊन मीच
चढ चढले प्रयोगशाळेपर्यंत, कोट न घालता.
दुसऱ्या दिवशी गेथिन सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाला,
काही बोलला नाही.
मोठमोठी केंद्रकं, वेडीवाकडी, खाचा पडलेली,
भोवती जेमतेम कड.

वहाणा.

तिला सांगितलं. मेंदूचा स्कॅन शुक्रवारी, हेही.
ती चष्मा पुसत राहिली, दोन्ही बाजूंनी,
अंगठा गोल गोल फिरवत, जुन्या सवयीनं.
मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली,
"डाग कुठला, हे कळल्याशिवाय घासू नये कधी.
थँक यू, लव."

माझा डोळा लवला.
डावा की उजवा, पाहिलं नाही.