चढ शून्य

श्रीरंगचा फोटो रविवारी दिवे लागताना येतो.
खाली आकडे : अठ्ठावन्न किलोमीटर,
चढ सातशे वीस मीटर.
मागे एकामागून एक कुशी बदलणारी टेकाडं,
कुंपणाला चिकटून उभ्या मेंढ्या, चर्चचा सुळका,
आणि रस्ता संपतो तिथे दलदल, लव्हाळी,
रुंद होत होत
आपण नदी आहोत हेच विसरून गेलेली एक नदी.
"तुझं काय?" एवढंच विचारतो.
त्रेसष्ट पूर्ण झाली, अजून त्याला जिंकायचं असतं.

बडोद्यात कसला चढ?
गावाबाहेर पडताना एक ओव्हरब्रिज,
तोही चाळीस पायडलांत संपतो.
सायकल मांडवीतल्या इल्यासभाईकडून घेतली, जुनीच.
"बेन, ब्रेक नवे घातलेत,
बाकी सगळं तुमच्या वयाचं."

साडेचारला निघाले.
पादऱ्याच्या अलीकडे भाजीचे टेम्पो समोरून,
ओल्या कोथिंबिरीचा वास आधी, दिवे मागून.
मग काळी जमीन, कापूस, तूर,
बिनदिव्याचा एक ट्रॅक्टर,
आणि उजाडताच खंभातच्या आखाताकडून वारा.
त्याला गिअर नाही. तो बाजूला सरत नाही.
तू तुझे सातशे वीस मीटर घेऊन ये इकडे,
म्हटलं मनात,
आणि मान खाली घातली.

मासर रोडला चहा.
"एकलां ज छो?"
"हो, एकलीच."
त्यानं बशीत दोन खारी जास्त ठेवल्या.

एकच सायकल होती आमच्यात.
कमाटी बागेच्या रस्त्यावर वीस खांब त्याचे, वीस माझे.
मी दांडीखालून तिरकी, अर्ध्या पायडलवर,
तो सीटवर, मोठ्यानं मोजत,
आणि अकरानंतर पुन्हा दहा.
मला कळायचं.
मी मागे धावत राहायचे.

जंबुसर सोडल्यावर जमीन फिकी पडत जाते.
शेतं विरळ, मग नुसता गांडो बावळ,
मग तोही खुजा,
मग मिठाच्या साईसारखं काहीतरी मातीवर.
कंपन्यांचं पाणी नेणारा पाट
मध्ये कुठेतरी भेटला होता;
तोही समुद्रालाच निघालेला, माझ्याहून सरळ.

मागच्या महिन्यात त्याचा एक फोटो मोठा करून पाहिला.
सीटखालची नळी जरा जास्तच जाड.
इल्यासभाईनं चष्मा वर केला, हसला :
"मोटर छे, बेन."
छातीतल्या यंत्राचं तर वहिनी बोलून गेली होती,
तो नाही.
म्हणजे दोन बॅटऱ्या.
एक सायकलीत, एक त्याच्यात,
आणि आकडे सगळे त्याच्या नावावर.
मी काही बोलले नाही.

कंबोईला पोचले तेव्हा समुद्र नव्हता.
क्षितिजापर्यंत राखाडी, चकचकीत चिखल,
त्यात मही कुठे संपली ते सांगायला कुणी नाही.
एक होडी कुशीवर झोपलेली,
पाणपक्षी चिखलाला टोचे घालत,
लांब गुलाबी रेघ, ती रोहितांची असावी
किंवा माझ्या डोळ्यांतल्या घामाची.
सायकल होडीला टेकवून फोटो काढला.
लिहिलं : अठ्ठ्याहत्तर. चढ शून्य.

तिकडे पहाटेचे सहा वाजले असतील.
उत्तर लगेच आलं :
"पाणी कुठाय?"
"गेलंय. दुपारी येईल."
"थांबणारेस?"
"बघते."
थोड्या वेळानं :
"परत कशी जाणार? वारा पाठीवर असेल ना?"

गुडघा केव्हाचा काहीतरी सांगत होता.
ओल्या काठावर बसून राहिले
चिखलाच्या दूरच्या टोकाला एक पांढरी रेघ दिसेपर्यंत.
ती हलत होती.
बघता बघता होडीचा एक कान उचलला गेला,
तेव्हा उठले.

बसच्या टपावर सायकल चढवायला
दोन पोरं धावत आली.
खिडकीत बसून मी श्रीरंगला लिहिलं :
जाऊन येऊन एकशे छप्पन्न.
कंडक्टर समोर उभा होता.
"बेन, सायकलचंय तिकीट लागेल."
म्हटलं, दे. दोन दे.