ओढ, दाब, जाळ, सोड

मणेराजुरीत पहाटे चारला धुकं उतरलं.
घडांवर डावणी यायला एवढं पुरतं.
आणि पंप चालू होईना.
अण्णांनी दोरी ओढून ओढून खांदा धरला,
इंजिनाची आई-बहीण काढली, मग मला सायकलवर पिटाळलं
शाबूचाचांना उठवायला.

चाचा आले. स्वेटर उलटा,
कानटोपी फक्त डाव्या कानावर.
तो कान चाळीस वर्षांत इंजिनांनी खाल्ला,
उजव्यावर धंदा चालतो.

प्लग काढला. काळा, ओला.
पॉलिश पेपरनं घासला, लोखंडाला टेकवून दोरी ओढली.
टिच्. निळी ठिणगी, मोहरीएवढी.
"आग हाय.
पोरी, अंगठा ठेव भोकावर. घट्ट."
पुन्हा दोरी, आणि आतल्या कुणीतरी
माझा अंगठा उडवून लावला.
"दाब बी हाय."

बॅटरीच्या उजेडात बोटं दुमडत सांगितलं त्यांनी:
"ओढ. दट्ट्या खाली, हवा नि पेट्रोलची वाफ आत.
दाब. दट्ट्या वर, वाफ कोपऱ्यात.
जाळ. ठिणगी पडती, वाफ त्याला खाली फेकती.
सोड. परत वर, धूर भाईर.
चौघांत कमावता एकच. तिघं बसून खाणारे."
मग त्या तिघांना कोण पोसतं?
चाचांनी बाजूच्या जड चाकावर थाप मारली.
"ह्यो. एकदा बसलेला धक्का इसरत न्हाई."

तरी इंजिन गप्पच.
चाचा वाकले, सायलेन्सरमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घातला
नि हसले.
कुंभारीण माशीचं घर.
आषाढापासनं पंप पडून; तिनं
चिखलाचा एकेक गोळा आणून वाट बुजवलेली.
"सोडायलाच जागा न्हाई, वढंल कुठनं?"

खडा माझ्या तळहातावर फुटला.
आत तीन हिरव्या अळ्या,
गाढ झोपल्यासारख्या.
टाक ते, अण्णा म्हणाले, उजाडायला लागलं.
मी ते रुमालात बांधलं.

दोरी. फट्. दोरी. फट्, फट्,
आणि मग सलग.
चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं,
मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले.
"जरा भुकेलंय."
कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा.
आवाज भरला.

नळी ताठली. अण्णा ओळीत शिरले,
धुक्यात औषधाचं धुकं.

साडेसातला टाकी संपली.
आवाज तुटला, चाक फिरतच होतं.
शेवटचे फेरे दिसण्याइतके सावकाश;
मी चार मोजले.
पाचवा दाबापाशी अडला, अर्ध्यात.