शिक्का

रायबंदरची फेरी सुटता सुटता मी पुस्तकात खूण घालते.
पान एकशे बारा. एक मठाधिपतीण,
सात गावं तिच्या हाती, दोन पाणचक्क्या, एक मिठागर,
आणि चोराला फाशी द्यायची की माफी, हेही.
आठशे वर्षांपूर्वी.

दिवाडीला उतरून मी पंचायत उघडते.
खाऱ्या वाऱ्यानं कुलूप दर महिन्याला नवं रुसतं.
दहाला सरपंच येते, एर्मेलिंडा,
आणि तिच्या दोन पावलं पुढे आग्नेल, तिचा नवरा.
शिक्का त्याच्या खिशात, विड्यांच्या पुडक्याला चिकटून.
प्रभाग महिलांसाठी राखीव.
गावात 'सरपंच' अशी हाक मारली
की वळतो तो.

दुपारी पोई मोडता मोडता ती विचारते,
एवढं काय वाचतेस गे?
मी सांगते: तिकडे राजा लहान असला
की आई राज्य करायची, पोर वयात येईपर्यंत.
आणि तुझं नाव आहे ना, ते त्याच काळातलं.
ती बराच वेळ चावत राहते.
माझा पोर दुबईला, चौतीस वर्षांचा, म्हणते.
मग हसते. इथं लहान मीच.
आग्नेल माझ्या वतीनं राज्य करतो.
मी वयात कधी येणार,
ते आहे का तुझ्या पुस्तकात?

मी तिला चित्रं दाखवते.
राजांचे शिक्के गोल. बायांचे बहुधा लांबट, दोन्हीकडे टोकदार,
सोललेल्या बदामासारखे.
मेणात उभी एक बाई, मनगटावर ससाणा.
ती त्यावर बोट ठेवते, बोटाला सुंगटांचा वास.
वयात आलेल्या मुलांनी कितीजणींना
मठात धाडलं, ते मी सांगत नाही.

सोमवारी फाईल आली. मानशीची पावणी, तीन वर्षं,
आग्नेलच्या चुलतभावाच्या नावे.
पंचायतीचा ना-हरकत दाखला हवा.
भरतीला मानस उघडी ठेवली की मासळी दुप्पट,
आणि खाजनात पाणी असं शिरतं
की कोरगुटसुद्धा मान टाकतो.
आग्नेलनं शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली,
दुसऱ्या हाताचं बोट कागदावर: हांगा सही.

ती वाचायला लागली.
चार पानं, मोठ्यानं, एकेक अक्षर लावत.
पंखा फिरत होता. चुलतभावानं दोनदा घड्याळ पाहिलं.
तिसऱ्या पानावर अडली, मला विचारलं,
'अन्वये' म्हणजे काय?
मी सांगितलं. तिनं मागं जाऊन
ते वाक्य पुन्हा वाचलं.

मग पेनाला टोपण लावलं.
तीन नाही, एक वर्ष. भरतीला दार बंद,
अट लिही, मला म्हणाली, आणि हात पुढे केला
आग्नेलकडे.

त्याच्या मुठीतला शिक्का खिशात गेला.
खिशातून बाहेर आलं
विड्यांचं पुडकं.
तिनं ते घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं,
ड्रॉवर बंद केला.

हात तसाच पुढे.

चारची फेरी चुकली माझी.