खिळे

कापणी झाली, नांगरट झाली,
पेरणीला अजून आठ दिवस आहेत.
गोटोबेड बाईंनी फाटकावरच बजावलं:
खड्डे बुजवा, मेंढ्यांचे पाय मोडतात,
आणि सापडेल त्यातलं निम्मं माझं.
निम्मा खिळा चालेल का, हेडलीने विचारलं.
त्या हसल्या नाहीत. दरवर्षी तो हेच विचारतो.

या शेताला चॅपल पीस म्हणतात.
चॅपल कुठेच नाही.
गाव होतं म्हणे, तेही नाही.
नुसता मातीचा रंग पट्ट्यापट्ट्याने बदलतो,
धुतलेल्या कापडावर जुना डाग राहावा तसा.
लिंकनशायरचं आभाळ इथे फार खाली येतं
आणि वारा समुद्रावरून थेट, फाटक न उघडता.

आम्ही चालतो. मध्ये बारा पावलं.
यंत्राची थाळी उजवीकडे, डावीकडे,
अंगण झाडावं तशी,
फक्त इथे केर काढायचा नसतो, शोधायचा असतो.

हेडली साखर कारखान्यात फिटर होता,
चाळीस वर्षं गरगरत्या यंत्रांच्या शेजारी उभा.
त्याचं हे यंत्रही जुनंच. पडदा नाही, आकडे नाहीत,
सगळा कारभार कानावर.
लोखंड असलं की गुरगुरतं,
शिसं असलं की हंबरतं,
आणि चांदी असली की वर जातं, अगदी वर,
वटवाघळाच्या अर्ध्या वाटेपर्यंत.

दोन वर्षं त्याला नुसते खिळे सापडताहेत.
एखादा नाल, एक बिजागरी, आणि खिळे.
"जमीन रिकामी झाली, थर्झा," तो म्हणतो,
"चोरटे रात्री येऊन सगळं उपसून गेले."
मी हो म्हणते.
घरी नेऊन तो ते व्हिनेगरमध्ये बुडवतो, घासतो,
वहीत तारीख घालतो.
हाताने ठोकलेत, बघ, प्रत्येकाचं डोकं वेगळं.

मला शंका आली ती मार्चमध्ये.
किटली त्याच्या पाठीमागे शिट्टी मारत होती
आणि तो विचारत होता,
पाणी तापायला आज एवढा वेळ का?

आज ओढ्याच्या उतारावर तो माझ्या जरा पुढे.
हेडफोन सैल, आवाज बाहेर सांडत होता.
टीं.
थाळी गेली, टीं. थाळी परत आली, टीं.
हेडली पुढे निघून गेला.
तीन पावलांवर गुरगुर लागली, तो थांबला,
गुडघा टेकला, कण्हला, खणू लागला.

मी तिथे बूट रोवला. मग वाकले.
वीतभर खाली अर्धी पेनी.
अर्धीच, मधोमध कापलेली.
राजाचा एक डोळा, अर्धा मुकुट.
सुटे नव्हते म्हणून कुणीतरी
पावासाठी राजा कापला होता.

आणि मी मूर्खपणा केला.
त्याने पाठ वळवताच
ती त्याच्या खड्ड्याच्या ढिगाऱ्यात खोचली.

ढेकूळ फोडताना त्याच्या बोटांना ती लागली.
तो ओरडला, बगळे उडाले.
मग लहान मुलासारखी थाळीवर धरली तिला,
तिचा आवाज ऐकायला.
टीं, म्हणाली ती. टीं. टीं.
मला.
तो वाट बघत राहिला.
हेडफोन काढला, फुंकला, परत घातला.
पुन्हा धरली.

वारा होता म्हणून बरं.

"हिच्यावरची माती इथली नाही," तो शेवटी म्हणाला,
"ती वरची आहे, तांबूस. खरी जागा दाखव.
ऑफिसातली बाई नेमकी जागा विचारते."
मी तीन पावलं मागे जाऊन दाखवली.
माझ्या बुटाच्या ठशावरून
त्याच्याच बुटाचे ठसे पुढे गेले होते.
तो ते बघत बसला.
किती गेल्या असतील, असं काही विचारलं नाही.

वहीत मात्र नीट लिहिलं, पेन्सिल ओली करून:
अर्धी पेनी. चॅपल पीस, ओढ्याचा उतार.
थर्झाने ऐकली.
आणि खाली, नेहमीसारखं:
खिळे, चार.