कोरणावळ

बुधवार बाजारात, सुटे नळ आणि
मेलेल्या कूलरच्या मोटारींमध्ये
एका इंग्रजी पुस्तकाच्या पोटात तो सापडला.
हॉलंडचा कोणी सरदार, सोळाशे चाळीसच्या आसपासचा.
गळ्याला लेसची कॉलर, खांद्यावर केसाळ झूल,
मिशा अशा, जणू आत्ताच कोणाला तरी नाही म्हणाला.
रद्दीवाल्यानं दीडशे सांगितले,
मग उन्हाकडे पाहून ऐंशी केले.

शेहेचाळीस डिग्री.
लोकरीत गुंडाळलेला माणूस
स्कूटरच्या डिक्कीतून इतवारीत आणला.

बाबांनी भिंग लावलं.
पन्नास वर्षं भांड्यांवर नावं कोरली त्यांनी.
चि. सौ. कां., सप्रेम भेट, यांच्या स्मरणार्थ.
आधी छिन्नी-हातोडी, मग ती कर्रर्र करणारी मशीन.
आडनाव बारापात्रे,
स्वतःचं नाव एकाही पात्रावर नाही.

चेहरा त्यांनी पाहिलाच नाही.
कॉलर पाहिली.
"तांब्यावर एकेक रेघ. हे पाह्य, इथं हात थकला,
इथं जेवून आला,
अन् इथून पुन्हा जवान."
खाली ओळ होती. मी म्हटलं, लॅटिन.
"असन. पन सारी उलटी कोरली असन त्यानं.
तलवारही मंग दुसऱ्या अंगाले."
सरदाराचं नाव हे एवढं;
कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, खसखशीएवढं.
"कोरणावळ किती भेटली असन रे?"
मला माहीत नव्हतं.

मग त्यांचा अंगठा मानेपाशी थांबला.
केसांच्या कडेला एक फिकट वळण,
कुठल्याच केसाचं नसलेलं.
"हे मुंडकं मागून बसवलं."
म्हणजे आधी कोणी दुसराच होता.
मेला असेल, मर्जीतून उतरला असेल,
किंवा पैसेच दिले नसतील.
"घासाचं. पाठीतून ठोकून वर आनाचं. पुन्हा घासाचं.
कपडे तेच ठेवाचे. धड काय, कोनाचंही चालते."

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंखा नुसताच खडखडत होता.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही,
पण दोघांचीही नजर फडताळाकडे गेली.

ताई वर्ध्याहून परतली
ती तीन गंज, दोन पराती आणि एक घागर घेऊन.
त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
बाबा एकेका भांड्यावरून
जावयाचं नाव उतरवत बसले होते.
नवं काही कोरलं नाही.
सकाळी आईनं त्यातल्याच गंजात वरण लावलं.
अजूनही दुपारी तीनच्या उन्हात
मोठी परात तिरपी धरली
की 'ढो'ची मात्रा दिसते.

ताई चहा घेऊन आली, वाकून पाहिलं.
"कोण आहे हा?"
पहिला की दुसरा,
माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

बाबांनी बनियनच्या टोकाला भिंग पुसलं.
"मालूम नाही," म्हणाले,
"कोरणारा चांगला होता."